जहाजांचा हिशेब आणि मराठवाडा

मराठवाड्याला समुद्र नाहीं. लातूरच्या मोंढ्यांतून न्हावा-शेव्याच्या धक्क्यापर्यंत जावयाचें म्हणजे पांचशे किलोमीटरांच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो. नांदेडकरांस त्याहूनहि शंभरेक किलोमीटर अधिक. अशा मुलुखांतील श्रोत्यांपुढें जहाजांविषयीं, आणि त्यांतूनहि जहाजें व त्यांवरील माल यांचा बंदोबस्त राखणाऱ्या संगणकीय व्यवस्थेविषयीं बोलावें, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु लातूरच्या डाळगिरण्यांत भरडली जाणारी सगळीच तूर आपल्या शिवारांतील नसते. देशांत पीक उणें पडलें कीं ती म्यानमारहून येते, मोझांबिकहून येते, मलावी व टांझानिया येथूनहि येते. २०१६ सालीं भारत सरकारनें मोझांबिकशीं डाळींच्या आयातीचा करार केला आणि १५ मे २०२१ पासून तुरीची आयात खुली करण्यांत आली. परदेशची तूर बंदरांत केव्हां उतरते, याकडे गिरणीवाल्याचें लक्ष असतें आणि शेतकऱ्याचेंहि असतें; दोघांच्या लक्ष असण्याचीं कारणें मात्र अगदीं उलट असतात. उलट दिशेनें येथील सोयाबीनची पेंड परदेशीं जाते, नांदेड जिल्ह्यांतील केळीं आखातांत जातात.

हा संबंध आजचा नव्हे. लातूरपासून फारसें दूर नसलेलें तेर हें गांव पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक ग्रंथांत तगर या नांवानें आलें आहे. पैठणचा व तगरचा माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनीं भडोच बंदरास नेत असत, आणि तगरच्या मालांत साधें कापड व तलम मलमल यांचा उल्लेख आहे. त्या गाडीवानाला आपल्या मालाचें पुढें समुद्रावर काय होतें हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आजच्या ट्रकवाल्यालाहि तें फारसें ठाऊक नसतें. फरक पडला आहे तो निराळ्याच ठिकाणीं. आज मोंढ्यांतला मापाडी जो आंकडा कागदावर मांडतो, तो जसाच्या तसा जहाजाच्या हिशेबांत जाऊन बसतो आणि त्यावर भर समुद्रांत जहाजाचा तोल अवलंबून राहतो. हें कसें घडतें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

जहाज भरणें ही विद्या जुनी आहे, आणि ज्यानें कधीं बैलगाडी भरली असेल त्याला तिचें मर्म सांगावयास नको. ओझें मागच्या अंगास अधिक झालें कीं गाडी उलाळ होते व जूं वर उचललें जातें; पुढच्या अंगास अधिक झालें कीं ती धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते. जहाजाला हें पुढचें-मागचें आहेच. शिवाय डावें-उजवें आहे, आणि खालचें-वरचेंहि आहे. जड माल वरच्या थरांत गेला तर जहाज लवंडण्याचें भय. बरें, सगळाच जड माल तळाशीं कोंबला तर जहाज इतक्या झटक्यानें डोलूं लागतें कीं वरच्या पेट्यांचीं बंधनें तुटावींत. दोन्ही टोकें जड व मध्य हलका राहिला, तर लाटेच्या माथ्यावर जहाजाच्या कण्यावर ताण येतो. पूर्वीं हा सगळा विचार जहाजाचा अधिकारी करीत असे. त्याच्या हातांत एक नकाशा, रंगीत पेन्सिली आणि अनुभव.

अनुभव असूनहि काय होऊं शकतें, तें मुंबईनें १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिलें. व्हिक्टोरिया गोदींत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर शेंकडों टन स्फोटकें होतीं, सोन्याच्या लगडी होत्या, आणि कराचीहून चढविलेल्या कापसाच्या गांठीहि होत्या. कापसाला आग लागली आणि पुढें जो स्फोट झाला त्यांत गोदी उध्वस्त झाली, शेंकडों माणसें मेलीं. ज्वालाग्राही कापूस व दारूगोळा एकाच जहाजाच्या पोटांत शेजारीं ठेवूं नयेत, हें त्या काळीं कोणाला ठाऊक नव्हतें असें मुळींच नाहीं. युद्धाची घाई होती, जागा थोडी होती, आणि नियम बाजूस सारणें सोपें होतें. आजचें सॉफ्टवेअर धोकादायक मालाचे नऊ वर्ग ओळखतें, आणि एकमेकांजवळ ठेवूं नयेत अशा दोन पेट्या कोणी शेजारीं मांडूं लागला तर आक्षेप घेतें. तें घाईला बधत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. मात्र पेटींत काय आहे हें त्याला दिसत नाहीं. पेटींत काय आहे म्हणून लिहिलें आहे, तेवढेंच दिसतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचेंच काम पडणार आहे.

पेटी हा शब्द मीं वारंवार योजीत आहें, तो कंटेनरला उद्देशून. २६ एप्रिल १९५६ रोजीं अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन या ट्रकधंद्यांतील गृहस्थानें ५८ पेट्या ‘आयडियल एक्स’ या जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठविल्या, आणि गोदींतील पोत्यांच्या जगाचा शेवट सुरू झाला. आज सर्वांत मोठ्या जहाजांवर वीस फुटी मापाच्या चोवीस हजारांवर पेट्या मावतात. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. २०२४-२५ या आर्थिक वर्षांत तेथें याच मापानें सत्तर लाखांहून अधिक पेट्यांची चढउतार झाली. रंगीत पेन्सिलींनीं हा हिशेब होणें शक्य नाहीं. म्हणून संगणक आला.

प्रत्येक पेटीला जहाजावर एक पत्ता असतो, सहा आंकड्यांचा. पहिले दोन आंकडे जहाजाच्या लांबीवरील जागा सांगतात. मधले दोन आडवी रांग सांगतात, मध्यापासून उजवीकडे विषम व डावीकडे सम. शेवटचे दोन थर सांगतात. पोटांतले थर ०२, ०४ असे चढत जातात आणि डेकवरील थर ८२ पासून सुरू होतात. तेव्हां ‘०१०३८२’ असें लिहिलें कीं जाणत्यानें समजावें, अगदीं पुढचा भाग, उजव्या हाताची दुसरी रांग, डेकवरचा पहिला थर. टपालखात्याच्या पिनकोडसारखाच हा प्रकार आहे. जहाज बंदरास लागण्यापूर्वींच अशा पत्त्यांची संपूर्ण यादी एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे येऊन पोंचलेली असते. बंदराचा संगणक त्यावरून ठरवितो कीं कोणती यारी कोणत्या भागावर लावावी, कोणती पेटी आधीं उचलावी, आवारांत तिला कोठें ठेवावें, आणि तेथून नवी पेटी कोणत्या क्रमानें आणावी. न्हावा-शेव्यास उतरावयाची पेटी कोलंबोच्या पेटीखालीं दडपली गेली असेल, तर वरची काढा, खालची घ्या, वरची पुन्हा ठेवा, हा द्राविडी प्राणायाम आला. आणि त्या प्रत्येक उचलीचे पैसे पडतात. चांगली योजना म्हणजे ज्यांत असे प्रकार कमींत कमी. जहाजावरचा संगणक निराळा. तो प्रत्येक पेटीचें वजन तिच्या पत्त्याशीं जोडून तोल, कण्यावरील ताण व पाण्यांत बुडालेली खोली यांचें गणित करतो, आणि टाक्यांत समुद्राचें पाणी किती भरावें हें त्यावरून ठरतें. तिसरी व्यवस्था सरकारी कागदांची. सीमाशुल्काच्या ‘आइसगेट’ या द्वारानें निर्यातीचें शिपिंग बिल व आयातीचें बिल ऑफ एंट्री संगणकावरूनच दाखल होतें. लातूरचा व्यापारी आपल्या एजंटामार्फत याच तिसऱ्या दारानें या जगांत शिरतो.

येथें एक लहानशी गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पेटीच्या नंबरांत चार अक्षरें, सहा आंकडे आणि चौकटींत लिहिलेला एक सातवा आंकडा असतो. हा सातवा आंकडा म्हणजे निव्वळ ताळा आहे. अक्षरांना ठराविक किंमती द्यावयाच्या, प्रत्येक स्थानाला दुपटीनें वाढणाऱ्या संख्येनें गुणावयाचें, बेरजेला अकरानें भागावयाचें, आणि बाकी उरेल ती सातव्या आंकड्याशीं जुळली पाहिजे. शाळेंत गुणाकार झाल्यावर गुरुजी ताळा पाहावयास लावीत, त्याचीच ही थोरली बहीण. कारकुनानें एखादा आंकडा चुकविला तर संगणक तात्काळ थांबवितो. नंबर चुकला तर ताळा पकडतो. वजनाचा आंकडा चुकला तर त्याला कोणताहि ताळा नाहीं.

नांदेड जिल्ह्यांतील अर्धापूरच्या केळींचें उदाहरण घेतलें म्हणजे या व्यवस्थेची चांगली बाजू लख्ख दिसते. इसापूर धरणाच्या पाण्यावर पोसलेला हा बागायती पट्टा. तेथील केळीं हिरवीं असतांनाच उतरवून, धुऊन, खोक्यांत भरून शीतपेटींत घालतात. केळें हें मोठें नाजूक फळ. साधारण १३ ते १४ अंश सेल्सियस हें त्याला मानवणारें तापमान. त्याच्या खालीं गेलें तर साल काळवंडते, वर चढलें तर वाटेंतच पिकूं लागतें, आणि एक पिकलें कीं त्यांतून निघणारा वायु शेजारच्यांनाहि पिकवितो. सबंध पेटी म्हणजे एका शेतकऱ्याच्या कित्येक महिन्यांचें पाणी, खत व रात्रींची जागल असते. अशा पेटीला जहाजावर वीज लागते आणि विजेच्या खुंट्या ठराविक ठिकाणींच असतात. कोणती जागा खुंटीची, हें सॉफ्टवेअरला ठाऊक असल्यामुळें शीतपेटी भलत्याच कोपऱ्यांत जात नाहीं. आतां तर अनेक शीतपेट्यांत असे यंत्र असतें कीं तें आंतलें तापमान जहाजाच्या ॲंटेनामार्फत उपग्रहाकडे व तेथून किनाऱ्यावर कळवीत राहतें. यंत्र बिघडलें तर तें आखातांत दार उघडल्यावर कळण्याऐवजीं वाटेंतच कळतें, आणि दुरुस्ती करणारा माणूस पेटीपर्यंत जाऊं शकतो. पूर्वीं माल सडला कीं दोष कोणाचा यावर बागायतदार, व्यापारी व जहाजवाला यांच्यांत वाद होई आणि त्यांत सर्वांत दुबळा हरे. आज तापमानाची तासातासाची नोंद साक्षीला असते. अर्थात् ती नोंद कोणाच्या हातीं असते आणि बागायतदाराला ती मागतां येते काय, हा प्रश्न उरतोच. मागावी, असें मी म्हणेन.

तशीच सोय आयात करणाऱ्यालाहि झाली आहे. जुलै २०१६ पासून न्हावा-शेवा येथें पेट्यांना एक लहान बिल्ला लावण्यास आरंभ झाला. बंदराच्या फाटकांवर व महामार्गावरील टोलनाक्यांवर बसविलेलीं यंत्रें रेडिओलहरींनीं तो वाचतात. लातुरांत बसलेला गिरणीवाला पेटीचा नंबर घालून ती बंदराबाहेर पडली कीं नाहीं हें पाहूं शकतो. पूर्वीं हें कळावयास मुंबईच्या एजंटाच्या कचेरींत दिवसांतून चार वेळां फोन करावे लागत, आणि ‘गाडी निघाली आहे’ या उत्तराचा अर्थ प्रत्येकानें आपापल्या अनुभवाप्रमाणें लावावयाचा असे.

परंतु ज्या व्यवस्थेनें सगळें हातीं घेतलें, ती कोलमडली तर? २७ जून २०१७ रोजीं ती कोलमडली. युक्रेनमध्यें हिशेब व कर यांसाठीं वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तींतून ‘नॉटपेट्या’ नांवाचा घातक प्रोग्राम बाहेर पडला. मर्स्क या जगड्व्याळ डॅनिश जहाजकंपनीचें तेथें कार्यालय होतें. त्या वाटेनें तो तिच्या सबंध जाळ्यांत शिरला आणि कांहीं तासांत हजारों संगणक मृतवत् झाले. त्याच उद्योगसमूहाकडून चालविलें जाणारें न्हावा-शेव्याचें टर्मिनलहि त्यांत सांपडलें. याऱ्या धड होत्या, ट्रक धड होते, माणसें कामावर हजर होतीं. पण आवारांतील हजारों सारख्या दिसणाऱ्या पेट्यांपैकीं कोणती कोणाची, हें सांगणारें कोणी उरलें नाहीं. गोदामांतील माल शाबूत असावा आणि कीर्दखतावणी तेवढी जळून जावी, तसा हा प्रकार. हातानें काम चालवून पाहिलें, कांहीं जहाजें शेजारच्या टर्मिनलांकडे वळविण्यांत आलीं, आणि बाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या.

या प्रकरणांतील एक तपशील मराठवाड्यांतील श्रोत्यांस विशेष रुचेल. कंपनीच्या जाळ्यांत कोण कोणाला ओळखतो याची वही सांभाळणारे सुमारे दीडशे संगणक होते, आणि ते सर्व एकमेकांची नक्कल ठेवीत असल्यामुळें एकदमच पुसले गेले. वांचला तो एकच, आफ्रिकेंतील घाना देशांतला. कारण हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेलेली होती! त्या एका संगणकांतली माहिती माणसाहातीं विमानानें इंग्लंडला नेऊन कंपनीनें आपला संसार पुन्हा मांडला. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे केले, असें कंपनीच्या अध्यक्षांनीं २०१८ च्या जानेवारींत डाव्होस येथें सांगितलें. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरांतलें होतें. भारनियमनाचे चटके सोसलेल्या आपल्या लोकांना विजेच्या जाण्याचा असा उपयोग झाल्याचें ऐकून मौज वाटेल. पण दीडशे ठिकाणीं नक्कल ठेवूनहि त्यांतली एकहि जाळ्याबाहेर ठेवली नव्हती, ही त्यांतली गंभीर गोष्ट आहे.

असले हल्ले रोज होत नाहींत. रोजचा धोका निराळा आहे आणि तो मघाशीं सांगितलेल्या आंधळेपणाचा. १८ जानेवारी २००७ रोजीं ‘एमएससी नेपोली’ हें पेटीवाहू जहाज इंग्लिश खाडींतील वादळांत मध्यें भंगलें. त्यावरील सव्वीसहि माणसें सुदैवानें वांचलीं आणि जहाज इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर मुद्दाम रुतविण्यांत आलें. पुढें चौकशींत डेकवरील कोरड्या राहिलेल्या सुमारे ६६० पेट्या तोलून पाहिल्या, तेव्हां १३७ पेट्यांचें वजन कागदावरील वजनाशीं तीन टनांहून अधिक फरकानें जुळेना. एका पेटींत तर वीस टनांची तफावत निघाली. जहाज भंगण्याचें मुख्य कारण त्याच्या सांगाड्याची कमजोरी हें होतें, सगळा दोष वजनांवर ढकलणें न्याय्य होणार नाहीं. पण जहाजावरचा संगणक त्या दिवशीं जें जहाज मोजीत होता, तें पाण्यावर तरंगणारें जहाज नव्हतें, कागदावरचें होतें. गणित बिनचूक आणि उत्तर खोटें.

या व अशा अनुभवांवरून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जुलै २०१६ पासून, भरलेल्या प्रत्येक पेटीचें पडताळलेलें वजन माल पाठविणाऱ्यानें लेखी कळविल्यावांचून ती जहाजावर चढवावयाची नाहीं, असें ठरलें. जबाबदारी पाठविणाऱ्याची आहे; ट्रकवाल्याची नाहीं, बंदराचीहि नाहीं. म्हणजे ती समुद्रावरून उचलली जाऊन थेट लातूर-नांदेडच्या भुईकांट्यावर येऊन पडली आहे.

वजन पडताळण्याच्या दोन रीती मान्य आहेत. एक, माल भरून मोहोरबंद केलेली पेटी सबंध तोलावी. दुसरी, आंत जाणारें प्रत्येक नग तोलावें, त्यांत वेष्टणाचें व आधाराच्या लाकडांचें वजन मिळवावें, आणि पेटीच्या दारावर लिहिलेलें तिचें स्वतःचें वजन जोडावें. पन्नास किलोंचीं ४८० पोतीं भरलीं तर माल झाला चोवीस टन. वीस फुटी पेटीचें स्वतःचें वजन सव्वादोन टनांच्या आसपास. एकूण सव्वासव्वीस टनांवर. हें गणित तिसरींतल्या मुलाला येतें. अडचण गणितांत नाहीं. पोतें खरोखर पन्नास किलोंचें आहे काय, रिकाम्या पोत्याचें वजन धरलें कीं सोडलें, ट्रकसकट तोलतांना टाकींत डिझेल किती होतें, रिकामा ट्रक त्याच दिवशीं तोलला कीं गेल्या वर्षींची पावती जोडली, कांट्याची सरकारी तपासणी केव्हां झाली, असल्या बारीकसारीक गोष्टींत ती आहे. मोंढ्यांत पोत्यामागें किलोभर इकडेतिकडे झालें तर त्यावरून शेतकऱ्याचें व अडत्याचें भांडण होतें, आणि तें योग्यच आहे. तीच किलोभराची तूट ४८० पोत्यांत जवळजवळ अर्धा टन होते. अशा शंभर पेट्या एका बाजूस रचल्या गेल्या तर काय होईल, याचा हिशेब ज्यानें करावयाचा तो संगणक मात्र निःशंक असतो, कारण त्याच्यापुढें सव्वासव्वीस टन असें सहीनिशीं लिहिलेलें असतें.

पुष्कळ ठिकाणीं हें पडताळणें अजून एजंटानें भरावयाचा एक रकाना मानलें जातें. व्यापारी फोनवर अंदाजानें आंकडा सांगतो आणि कारकून तो टंकतो. यांत लबाडीपेक्षां उदासीनताच अधिक. लातूरहून पाहतां जहाज फार दूर असतें, आणि त्यावरचीं वीस-पंचवीस माणसें तर दिसतच नाहींत.

बंदरांत पेटी येऊन पोंचली, तिचा नंबर ताळ्याला उतरला, सीमाशुल्काची परवानगीहि मिळाली, तरी योजना बंद होण्याच्या ठरलेल्या वेळेपूर्वीं वजनाचा आंकडा संगणकांत आला नसेल तर यारी तिला हात लावीत नाहीं. जहाज निघून जातें आणि पेटी पुढच्या जहाजाची वाट पाहत आवारांत उभी राहते. सवलतीचे दिवस संपले कीं रोजचें भाडें पाठविणाऱ्याच्या नांवावर चढूं लागतें.